‘आटणे’ आणि ‘उपसणे’ : ऱ्हासवाचक शब्दांतील कर्त्याचा प्रश्न

एखादी वस्तू वापराने कमी होत जाते आणि अखेरीस उरत नाही, हा अर्थ सांगण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. सरणे, संपणे, खपणे, आटणे, झिजणे, उपसणे ही झाली घरची क्रियापदे. क्षय, ऱ्हास, शोषण, उत्खनन ही संस्कृतातून आलेली आणि आज मुख्यतः लेखी भाषेत वावरणारी नामे. यांपैकी कोणता शब्द कोठे योजावा हा प्रश्न वरवर पाहता शैलीचा वाटतो. परंतु ज्या प्रदेशात पाण्याच्या कमतरतेविषयी कायदे होतात, नोटिसा निघतात आणि एखाद्या गावाच्या शिवारावर एक विशेषण चिकटवून तेथील नव्या विहिरीचा निकाल लावला जातो, तेथे हा प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही. प्रस्तुत विवेचन ‘आटणे’ आणि ‘उपसणे’ या दोन क्रियापदांपुरते आणि त्यांच्या जागी शासकीय भाषेने आणून बसविलेल्या ‘शोषित’ या विशेषणापुरते मर्यादित आहे. उदाहरणे बहुतांशी नागपूर व अमरावती जिल्ह्यांतील संत्र्याच्या पट्ट्यातून घेतली आहेत. व्युत्पत्तीचा विचार हेतुतः बाजूला ठेवला आहे. शब्दाचे कूळ कोणते यापेक्षा तो कोणाच्या संगतीत राहतो, हे पाहिले असता येथे अधिक हाती लागते.

‘आटणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. दूध आटते, पाक आटतो, विहीर आटते, गाय आटते, जिव्हाळा आटतो, रक्त आटते. या सर्व प्रयोगांत समान असलेली गोष्ट अशी, की पदार्थ आपल्याच ठिकाणी राहून कमी होतो. तो कोणी नेत नाही. चुलीवरच्या दुधाचे पाणी निघून जाते आणि मागे राहते ते दाट, अधिक गोड असे काही. म्हणूनच ‘आटीव’ या विशेषणात न्यूनतेचा लवलेश नाही. आटीव दूध हे साध्या दुधापेक्षा सरसच. गाय आटली म्हणजे तिची धार बंद झाली; पण ती पुन्हा गाभण राहील, विईल आणि दूध देईल, ही अपेक्षा त्या शब्दात गृहीत असते. विहिरीचेही तसेच. ‘उन्हाळ्यात विहीर आटते’ या वाक्यातील ‘उन्हाळ्यात’ हे पद केवळ काळ दाखवीत नाही, ते परतीचे आश्वासनही देते. आटणे हा ऋतुचक्राचा एक भाग आहे आणि मृगाबरोबर त्याची भरपाई होणार आहे, असे त्या वाक्याचे अंतरंग आहे.

या क्रियापदाचे प्रयोजक रूप ‘आटविणे’. त्याचा व्यवहार पाहिला म्हणजे एक लक्षणीय गोष्ट ध्यानात येते. दूध आटविता येते. सोनार जुने दागिने आटवितो. शेतकरी रक्त आटवितो. परंतु ‘त्याने विहीर आटविली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही मराठी कानाला खटकते. निदान रोजच्या बोलण्यात ते सहसा ऐकू येत नाही. म्हणजे दूध, सोने आणि रक्त यांच्या आटण्याला भाषेने कर्ता मान्य केला; विहिरीच्या आटण्याला मात्र तो नाकारला. याचे कारण शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. मोटेच्या काळात एका बैलजोडीने दिवसभरात किती पाणी काढावे याला बैलांच्या दमाचीच मर्यादा होती. रात्री मोट थांबे आणि विहीर पुन्हा भरून येई. ज्या काळात ही क्रियापदे रुळली, त्या काळी एका माणसाने शेजाऱ्याची विहीर कोरडी करावी, अशी शक्तीच त्याच्या हाती नव्हती. जी क्रिया माणसाला अशक्य, तिच्यासाठी सकर्मक रूप तरी कशाला रूढ व्हावे? मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ साली निघाला, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. दोन्ही कोश मोटेच्या युगातले आहेत. आजचा लेखक ‘विहिरी आटल्या’ असे लिहितो तेव्हा तो त्याच युगातील वाक्य लिहीत असतो. विहिरीच्या शेजारी उभा असलेला विजेचा पंप त्या वाक्यात मावत नाही.

‘सरणे’ आणि ‘संपणे’ यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मात्र त्यांच्याशी निगडित असा एक घरगुती संकेत पुढील विवेचनाला उपयोगी पडणारा आहे. कित्येक घरांत तांदूळ किंवा कुंकू ‘संपले’ असे बोलत नाहीत. ‘वाढले’ असे म्हणतात. फुटलेली बांगडी ‘वाढते’, दुकानदार संध्याकाळी दुकान ‘वाढवितो’. अभावाचे नाव घेतले तर अभाव घरात येतो, या भीतीतून ही उलटी योजना झालेली आहे. ती करणाऱ्या गृहिणीला डब्यात तांदूळ नाहीत हे पक्के ठाऊक असते आणि ऐकणारालाही ते ठाऊक असते. त्यामुळे शब्द उलटा असला तरी व्यवहारात फसवणूक कोणाचीच होत नाही.

‘उपसणे’ हे मात्र सर्वस्वी वेगळ्या घडणीचे क्रियापद आहे. ते सकर्मक आहे आणि त्याला हात लागतात. पाणी उपसतात, गाळ उपसतात, वाळू उपसतात, तलवार उपसतात, कष्ट उपसतात. खाली किंवा आत असलेली वस्तू बळ लावून वर अथवा बाहेर काढणे, हा या सर्व प्रयोगांतील गाभा. कर्त्यावाचून हे क्रियापद उभेच राहत नाही. ‘विहीर आटली’ याच्या पुढे ‘कोणी?’ असा प्रश्न कोणी विचारीत नाही. ‘विहीर उपसली’ असे म्हणताच तो आपोआप उमटतो. शिवाय उपसण्यात चांगले-वाईट असे काही आधीच ठरलेले नाही. विहिरीचा गाळ उपसणे हे पुण्यकर्म, कोणाची विहीर रात्रीतून उपसून टाकणे हा दांडगेपणा. ‘उपसा जलसिंचन योजना’ या नावात उपसा हे वरदान आहे आणि ‘अवैध वाळू उपसा’ या बातमीत तो गुन्हा आहे. नदी कदाचित एकच असते. शब्द स्वतः निवाडा करीत नाही. तो फक्त क्रिया आणि तिचा कर्ता समोर आणून ठेवतो आणि निवाडा ऐकणाराकडे सोपवितो. परिभाषेच्या दृष्टीने हा मोठाच गुण म्हटला पाहिजे.

परंतु येथे एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. हा गुण क्रियापदाचा आहे, ‘उपसा’ या नामाचा तो तितकासा नाही. वृत्तपत्रांत वारंवार येणारे वाक्य असते ते ‘भूजलाचा बेसुमार उपसा झाला’ असे. येथे षष्ठी लागली ती पाण्याला, क्रिया गेली ‘होणे’ या निराकार क्रियापदाकडे आणि कर्ता पुन्हा एकदा वाक्याबाहेर पडला. सकर्मक क्रियापदाचे नाम करून त्यापुढे ‘झाला’ लावले, की ‘आटणे’ आणि ‘उपसणे’ यांतील अंतर बव्हंशी नाहीसे होते. अर्वाचीन मराठी गद्याला, विशेषतः वृत्तपत्रीय गद्याला, जडलेली ही खोड आहे. ‘बेसुमार’ हे विशेषण मात्र लेखकाच्या नकळत खरे बोलून जाते. ज्याला सुमार नाही, म्हणजे ज्याची मोजदाद नाही, ते बेसुमार. खाजगी विहिरींतून किती पाणी निघाले याची प्रत्यक्ष मोजणी सर्वसाधारणपणे होत नाही. विहिरींची संख्या आणि एका विहिरीमागे धरलेला सरासरी उपसा यांच्या गुणाकाराने त्याचा अंदाज बांधला जातो. तेव्हा ‘बेसुमार’ हा अतिशयोक्तीचा अलंकार नाही, ते वस्तुस्थितीचे यथार्थ वर्णन आहे.

आता शासकीय परिभाषेकडे वळावे. भूजलाच्या मूल्यमापनासाठी देशात १९९७ च्या तज्ज्ञ समितीने घालून दिलेली पद्धती दीर्घकाळ चालली. तीत वर्षाकाठी होणाऱ्या पुनर्भरणाशी उपशाचे शेकडा प्रमाण काढीत आणि त्या प्रमाणाला नाव होते ‘भूजल विकासाची अवस्था’. म्हणजे ज्या पाणलोट क्षेत्रात लोकांनी भूगर्भातील पाणी जवळजवळ सगळे काढून घेतले, त्याचा ‘विकास’ शेकडा नव्वद. जेथे पडलेल्या पावसाच्या मुरण्यापेक्षाही अधिक पाणी काढले, तेथे विकास शंभराच्या वर! तांदूळ ‘वाढले’ म्हणणाऱ्या गृहिणीची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. भेद इतकाच, की त्या गृहिणीला डबा रिकामा असल्याचे भान असते. ‘विकास’ या शब्दामागे असलेला विचार निराळा होता. न वापरलेले पाणी म्हणजे वाया गेलेले पाणी आणि विहीर खोदणे म्हणजे निद्रिस्त संपत्ती जागी करणे, असे मानणाऱ्या काळाचा तो शब्द आहे. १९७२ च्या दुष्काळाने ज्यांना पाण्यासाठी वणवण करावयास लावली, त्यांना तो चुकीचा वाटण्याचे कारण नव्हते. म्हणून त्याचा उपहास करून भागणार नाही. पण काळ बदलला आणि शब्द तसाच राहिला. २०१५ च्या सुधारित पद्धतीने ‘विकासा’ची जागा ‘उपसा’ या अर्थाच्या शब्दाला दिली, ही दुरुस्ती उशिरा का होईना योग्यच झाली. महाराष्ट्राच्या कायद्याच्या नावात मात्र, म्हणजे २०१३ साली राष्ट्रपतींच्या संमतीनंतर प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ यात, ‘विकास’ अद्याप पहिल्या स्थानी आहे.

याच पद्धतीतील वर्गवारीची मराठी नावे अधिक विचार करावयास लावणारी आहेत. उपसा पुनर्भरणाच्या शेकडा ७० पर्यंत असेल तर क्षेत्र ‘सुरक्षित’; ७० ते ९० असेल तर ‘अंशतः शोषित’; ९० ते १०० असेल तर ‘शोषित’; आणि १०० च्या वर गेला तर ‘अतिशोषित’. मूळ इंग्रजी वर्गवारीत मधल्या दोन पायऱ्यांची नावे रोग्याच्या प्रकृतीवरून घेतलेली आहेत. केवळ शेवटचे नाव कृतीवरून आलेले आहे. मराठी परिभाषाकारांनी त्या शेवटच्या नावावरून मागे येत तिन्ही नावे एकाच धातूतून काढली. रचनेच्या दृष्टीने हे अधिक सुबक झाले, यात शंका नाही. एका धातूपासून उपसर्ग-प्रत्ययांच्या साह्याने शब्दांचे कुटुंब उभे करणे ही संस्कृतनिष्ठ परिभाषेची खरी ताकद होय. नागपूरला तिची ओळख करून देण्याची गरज नाही, डॉ. रघुवीर यांनी लाहोरहून येथे आल्यावर हाच उद्योग प्रचंड प्रमाणावर चालविला होता. ‘उपसणे’ या देशी धातूला अशी पिलावळ सहजासहजी होत नाही, ही त्याची उणीव मान्य केली पाहिजे.

तरीही सुबकपणाची किंमत अर्थाला मोजावी लागली आहे. ‘शोषित’ हे भूतकालवाचक कर्मणि धातुसाधित आहे. क्रिया पुरी झाली, असे ते सांगते. सामान्य वाचक ‘शोषित क्षेत्र’ हे शब्द वाचतो तेव्हा जमिनीतील पाणी शोषले गेले, आता काही उरले नाही, असाच त्याचा समज होतो. वस्तुतः हे प्रमाण साठ्याचे नाही, वर्षाच्या आवकजावकीचे आहे. शेकडा ९५ म्हणजे वर्षभरात जितके मुरले त्यातील ९५ भाग काढले. घरखर्चाच्या भाषेत बोलावयाचे तर मिळकत जवळजवळ सगळी खर्च होते, एवढाच त्याचा अर्थ. मूळ ठेवीला हात लागतो तो शंभराच्या पुढे. ही साधी गोष्ट ‘शोषित’ या शब्दातून कळत नाही आणि मग ‘अतिशोषित’ यातील ‘अति’ कशाच्या पलीकडचा, हेही कळत नाही. जे संपूर्ण शोषले गेले त्याच्या पुढे आणखी काय शोषणार?

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. ‘शोषण’ या शब्दाचा जुना अर्थ सुकविणे हा. मदनाच्या पाच बाणांतही एक शोषण आहेच. परंतु विसाव्या शतकात या शब्दाने मराठीत नवा जन्म घेतला. जमीनदाराकडून कुळाचे, मालकाकडून मजुराचे, उच्चवर्णीयाकडून दलिताचे होते ते शोषण. आणि ‘शोषित’ म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस. हा अर्थ आता इतका प्रबळ आहे, की मूळचा अर्थ त्याच्या सावलीतच वाचला जातो. या शब्दाची बाजू घेणारा कदाचित असे म्हणेल, की हीच नैतिक धार भूजलाच्या संदर्भात इष्ट आहे. पाण्यावर झालेला अन्याय तिच्यामुळे व्यक्त होतो. पण प्रत्यक्षात घडते ते उलट. वर्गलढ्याच्या भाषेत ‘शोषित’ म्हणताच ‘शोषक’ डोळ्यांपुढे उभा राहतो. शासकीय तक्त्यात ‘शोषित’ हे विशेषण पाणलोट क्षेत्राला लागते आणि शोषकाचा रकाना त्या तक्त्यात नसतो.

याचा परिणाम केवळ कागदी नाही. १९९३ च्या पिण्याच्या पाण्यासंबंधीच्या भूजल अधिनियमाने सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खोदण्यास मनाई केली आणि अतिशोषित पाणलोट क्षेत्र घोषित करण्याची तरतूद केली. पुढील कायद्यात अधिसूचित क्षेत्रासाठी ६० मीटरहून खोल विहिरींवर बंधन आले. ही बंधने अनाठायी आहेत असे कोणी म्हणणार नाही. मात्र विशेषण क्षेत्राला लागले म्हणजे ते क्षेत्रातील सर्वांना सारखेच लागते. ज्याने पूर्वीच पाच बोअर मारून ठेवल्या तो आणि ज्याच्या दोन एकरांत अद्याप एकही विहीर नाही तो, हे दोघेही एकाच ‘अतिशोषित’ शिवाराचे रहिवासी ठरतात. आणि नव्या विहिरीची मंजुरी व अनुदान अडते ते दुसऱ्याचे. पहिल्याने उपसले, दुसऱ्याचे शिवार शोषित झाले. ही अदलाबदल कायद्याच्या हेतूत नसेल; शब्दाच्या घडणीत ती आहे.

अमरावती जिल्ह्यातील वरूड व मोर्शी हे तालुके आणि त्यांना लागून असलेले नागपूर जिल्ह्यातील काटोल व नरखेड हे तालुके संत्र्याच्या बागांचे. ज्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे, जेथे म्हाइंभटांच्या हातून मराठी गद्याचा आद्य ग्रंथ सिद्ध झाला, तेथील आजची बोली या प्रश्नाविषयी काय म्हणते, हे पाहण्यासारखे आहे. संत्र्याचा मृग बहर पावसावर येतो. आंबिया बहराला मात्र ऐन उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते, आणि विहिरी तळाला जातात त्याही तेव्हाच. येथील बागाईतदार पाण्याचा तुटवडा आणि पाण्याचा ‘ताण’ यांत काटेकोर भेद करतो. ताण हा बागेला बहरासाठी मुद्दाम दिलेला असतो. तो कर्त्याच्या हाती असतो आणि त्याला मुदत असते. विहिरीविषयी बोलताना त्याची नेहमीची भाषा ‘आटली’ ही नव्हे. मोटर सुरू केली, दोन तासांनी ‘पाणी तुटलं’. म्हणजे ही विहीर ‘दोन तासांची’. गेल्या साली ती चार तासांची होती. हे ‘तुटणे’ परिभाषेच्या कसोटीवर आश्चर्यकारक रीतीने उतरते. त्यात पंप आहे, काळ आहे, प्रमाण आहे. विहिरीत पाणी येण्याचा वेग आणि पंपाने ते ओढण्याचा वेग यांचा मेळ जेथे सुटतो, तो नेमका क्षण या शब्दाने पकडला आहे. अनेक तज्ज्ञांच्या अहवालांत जे आढळत नाही ते या दोन शब्दांत आहे.

बोअरच्या बाबतीत हीच बोली अडखळते. बोअर कोरडी लागली, बोअर ‘फेल गेली’ असे म्हणतात. परीक्षेत नापास व्हावे तसे बोअरचे नापास होणे हे नशिबाच्या खात्यावर टाकले जाते. शेजारच्या अधिक खोल बोअरचा त्यात उल्लेख नसतो. जमिनीखालचे दिसत नाही, म्हणून बोलीलाही कर्ता दिसत नाही. यापुढची पायरी ‘ड्राय झोन’ या शब्दाची. वृत्तपत्रांनी तो रूढ केला आणि लोकांनी उचलला. ‘अतिशोषित’ या शब्दात निदान क्रियेची खूण तरी होती. ‘ड्राय झोन’ म्हणजे कोरडा मुलूख, जणू निसर्गाने तो तसाच निर्माण केला. ज्या मुलखाला पाण्याच्या जोरावर पिकलेल्या संत्र्याने नाव मिळवून दिले, त्याला कोरडा मुलूख म्हणावे, यात काही विसंगती आहे हे आता कोणाच्या ध्यानातही येत नाही.

खनिजांच्या क्षेत्रातील एका शब्दाचा ओझरता उल्लेख येथे करावयास हवा. मनसर, कांद्री या रामटेककडील मँगनीजच्या खाणी आणि उमरेड, कामठी या बाजूचे कोळशाचे पट्टे यांविषयीच्या वृत्तांत ‘उत्पादन’ हा शब्द सर्रास येतो. संत्र्याचे उत्पादन आणि मँगनीजचे उत्पादन यांचे आकडे एकाच दिवशी, कधी एकाच पानावर छापलेले असतात. संत्रे पुढच्या बहराला पुन्हा येते. मँगनीज पुन्हा येत नाही. ‘उत्पादन’ या शब्दाला हा भेद ठाऊक नाही. ‘उत्खनन’ हा अचूक शब्द उपलब्ध आहे. पण तो हल्ली ‘अवैध’ या विशेषणाच्या जोडीनेच अधिक दिसतो, जणू परवाना असला की खणणे संपून उत्पन्न करणे सुरू होते.

‘उपसणे’ या क्रियापदाला परिभाषेत घ्यावे, असे या विवेचनातून सुचते. त्यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. जो शब्द पाणी उपसण्याला तोच गाळ उपसण्याला, मग ऱ्हासवाचक संज्ञा म्हणून तो निःसंदिग्ध कसा मानावा? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलाव, ज्यांना कचेरीच्या कागदांनी ‘मामा तलाव’ असे घरगुती नाव देऊन टाकले आहे, त्यांचे उदाहरण येथे घ्यावे. कोहळी समाजाच्या कसबी हातांनी बांधलेल्या या तलावांची व बोड्यांची देखभाल गावाच्या व्यवस्थेतच गुंतलेली होती. त्या वेळच्या मध्यप्रदेश सरकारने १९५० चा कायदा करून ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी हक्क रद्द केले, तलाव सरकारजमा झाले, आणि त्यांपैकी पुष्कळांत गाळ साचत गेला. या तलावांविषयी ‘तलाव आटला’ असे म्हणतात तेव्हा पुष्कळदा पाणी कमी झालेले नसते, पाण्याची जागा गाळाने घेतलेली असते. तेथे जे करावयास हवे ते उपसणेच. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेने हीच क्रिया हाती घेतली. तेव्हा शब्द संदिग्ध नाही. त्याला कर्म हवे आणि कर्ता हवा, एवढेच. काय उपसले आणि कोणी उपसले हे दोन्ही सांगितल्यावाचून जे वाक्य पुरे होत नाही, ते वाक्य लिहिणे परिभाषाकाराला गैरसोयीचे वाटणार. वरूडच्या तक्त्यात मग ‘अतिशोषित’ या एका शब्दाच्या जागी विहिरींची संख्या, त्यांची खोली, पंपांची शक्ती आणि पिकांखालील क्षेत्र असे चार रकाने आखावे लागतील.